गिरदावर तात्यांची फुंकर

निवृत्ती सोनकांबळे ह्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट भरपूर केली, ती म्हणजे कमी सांगणं.

अंगाचा तवा झालेला असला तरी ताप विचारला की "कणकण हाय." पोरं किती विचारलं की "हायेत दोन-चार," आणि घरी जाऊन बघावं तर कबड्डीचा संघ उभा, वर दोन राखीव. जेवायला बसले की "अर्धी भाकर बास." त्यांची बायको, आम्ही त्यांना वैनी म्हणायचो, ती मुकाट्यानं चार थापून ठेवायची. तिला नवऱ्याच्या बोलण्याचा भाव ठाऊक होता. तिनंच मला एकदा सांगितलं, "पाहायला आले तवा लोकायनं इचारलं, पोरगी कशी हाय. तर म्हणले, बरी हाय. म्या महिनाभर रडले. मग कळलं, ह्यांच्या तोंडातनं 'बरी' म्हंजी राजाच्या लेकीला बी भेटत न्हाई."

मी स्वतः वाढवून सांगणाऱ्यांच्या घराण्यातला. माझ्या आजोबांनी एक उंदीर मारला होता, तो माझ्या बापापर्यंत येता येता रानडुक्कर झाला. मी सांगतो त्यातलं चार आणे वाऱ्यावर जातं हे मला मान्य आहे. आम्हा दोघांना एकाच टेबलावर बसवण्याचं डोकं कुणाचं होतं माहीत नाही, पण दोघांची सरासरी काढली की खरं निघायचं. मी टायपिस्ट, म्हणून ते मला टाइपराव म्हणायचे. मी त्यांना तात्या. बाकी सगळं जग त्यांना गिरदावर तात्या म्हणे.

तात्या मूळचे भोकरकडचे. निम्मी नोकरी गिरदावर म्हणून गेली. गिरदावर म्हणजे दहा-वीस गावांच्या तलाठ्यांवरचा माणूस. शब्द निजामाच्या वेळचा आणि खुर्चीही तेव्हाचीच. पिकं उभी राहिली की त्या गावांची आणेवारी काढायची, हे त्यांचं मुख्य काम. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. आठ आण्यांच्या वर गेलं की सरकारच्या लेखी सुकाळ, मग सारा भरा. आठाच्या खाली राहिलं की दुष्काळ, मग सूट, मग मातीकाम, मग टँकर. पुढं सरकारनं आण्यांचे पैसे केले, पण तात्यांच्या जिभेवर आणेच राहिले.

ते बांधावर उकिडवे बसत. ज्वारीचं कणीस तळहातावर चोळत. तळहात सुपाएवढा. मग गाल फुगवून फुंकर मारत. भुसा उडावा आणि दाणा राहावा म्हणून माणूस फुंकर मारतो. तात्यांची फुंकर अशी की भुशाबरोबर दाणेही जायचे, आणि एकदा तर शेजारच्या शेतातल्या बुजगावण्याची टोपी गेली. हे मी शंभर जणांकडून ऐकलंय. त्यातल्या नव्वदांना मीच सांगितलं होतं, ते सोडा.

एकदा एक नवा तहसीलदार शेजारी उभा होता. तो म्हणाला, "तात्या, दाणे उडून चाललेत."

"वारा हाय साहेब."

झाडाचं पान हलत नव्हतं. तहसीलदारानं चहूकडं बघितलं. "कुठंय वारा?"

"वर हाय. मुंबईकडनं येतो."

गावाची आणेवारी पाच लागली. त्या साली त्या गावातली माणसं मातीकामावर खडी फोडून का होईना, जगली. तात्या ह्याला खोटं म्हणत नसत. मला एकदा म्हणाले, "कमी धरलं की मानूस जगतंय, टाइपराव. जास्ती धरलं की सरकार जगतंय." त्यांच्या आयुष्याचं एवढंच शास्त्र, आणि ते कधी चुकलं नव्हतं. चार वाजता आम्ही शेंगदाणे खायचो तेव्हासुद्धा ते तळहातावर चोळून अशी फुंकर मारायचे, की फोलपटं त्यांच्या हातात राहायची आणि शेंगदाणे मला टेबलाखालून वेचावे लागायचे.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला.

नवा जिल्हा म्हणजे काय ते ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक. खाती जास्त, खुर्च्या कमी. जुन्या फायली ट्रकनं येत, आणि एका गठ्ठ्यात तर अंडी घातलेली कोंबडी निघाली. तीही आवक म्हणून नोंदली गेली. आमची जागा एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या गोदामात. भिंतीला टेकलं की सदऱ्याला पेंडीचा वास लागायचा आणि घरी गेलं की म्हैस मागं यायची. सगळी खाती वाटून झाल्यावर पर्यटन उरलं. ते कुणालाच नको होतं, म्हणून ते तात्यांना आणि मला मिळालं. आमच्या कक्षाच्या टेबलाला तीन पाय होते. चौथ्या पायाच्या जागी तात्या आपला गुडघा लावून बसायचे. ते उठले की कक्ष पडायचा.

आणि वर दुष्काळ. कसा सांगू? म्हशी चिमण्यांसारख्या धुळीत आंघोळ करायला शिकल्या. बोअर पाडायची गाडी यायची, खाली खाली जायची, आणि पाताळातून धुरळा वर काढायची. कुणाच्या घरात तांब्यात पाणी ओतल्याचा आवाज झाला तर अख्खी आळी कान टवकारायची. लग्नात आहेर म्हणून लोक घागर भरून आणत आणि आहेर करणाऱ्याचं नाव माईकवर दोनदा पुकारत.

अशात वरून आदेश आला. नांदेड आणि लातूरच्या पट्ट्यात येत्या वर्षांत परदेशी पर्यटक किती येतील, ह्याचा ठिकाणवार अंदाज पाठवावा. ज्या ठिकाणी येणार असतील तिथं पिण्याचं पाणी, रस्ता, विश्रामगृह ह्या सोयी करण्यात येतील.

तात्यांनी तो कागद दोनदा वाचून घेतला माझ्याकडून. म्हणाले, "पीक शेतात दिसतं तरी. हे पीक अजून इमानात बी बसलं न्हाई. चोळावं तर काय चोळावं?"

पण कामाला लागले. छत्री घेतली. पाऊस नसला तरी छत्री असायचीच, उन्हाला धरायला. पहिल्यांदा नांदेडला गेलो, कारण गुरुद्वाऱ्याला परदेशी येतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लंगरमध्ये तात्यांच्या शेजारी एक भलेमोठे सरदारजी जेवायला बसले होते. कॅनडाहून आलेले. तात्यांनी पोळी मोडता मोडता विचारलं, आप परदेसी क्या?

सरदारजींचा घास थांबला. "मैं परदेसी? मैं अपने घर आया हूँ, भाईसाहब."

पलीकडून त्यांच्या बायकोनं सांगितलं की पासपोर्ट बघा ह्यांचा, आणि पंजाबातल्या गावाला गेले तर तिथलं पाणी बाधतं. ह्यावर नवराबायकोची जुंपली. सरदारजी म्हणत होते मला परदेशी लिहाल तर जेवण सोडून उठेन. तात्यांनी दोघांचं शांतपणे ऐकलं आणि बाहेर आल्यावर मला सांगितलं, "लिहा. आठ आणे परदेशी."

मी म्हणालो, तात्या, माणूस अर्धा कसा मोजायचा?

"देह तिकडचा हाय, जीव हितला हाय. आठ आणे बराबर हाय."

असे आम्ही हिंडलो. कंधारचा किल्ला, उदगीरचा किल्ला, औशाचा किल्ला. प्रत्येक ठिकाणी परदेशी कोण आलं होतं विचारलं की लोक बोट दाखवायचे, ते बहुतेक पुण्याचे निघायचे. पण तात्यांचं मन ह्यातल्या कशातच नव्हतं. त्यांचं मन पाथरवाडीत अडकलं होतं.

पाथरवाडी अहमदपूरहून आत, डोंगराच्या पोटाशी. डोंगरात लेणी. चार खोल्या, दोन खांब, आणि आत एक बसलेली मूर्ती, नाक झिजलेली. बौद्धवाडा म्हणायचा हे बुद्ध आहेत, गाव म्हणायचं महादेव आहे, आणि दोन्हीकडची लेकरं उन्हाळ्यात त्याच्या मांडीवर झोपायची. बौद्धवाडा लेण्यांच्या पायथ्याला, गाव जरा खाली. त्या बौद्धवाड्यात तात्यांची थोरली लेक दिलेली, विमल.

विमल बापावर गेलेली, उंच आणि कमी बोलणारी. गावातले सगळे आड आटले होते. उरला होता ओढ्यातला एक झरा, त्यात वाटी बुडत नव्हती, ती आडवी धरावी लागायची. बायका पाळीनं बसायच्या. टँकर यावा तर गावाचं नाव टँकरच्या यादीत नव्हतं. जुन्या जिल्ह्यानं ते नव्याकडं गेलं म्हणून खोडलं होतं, आणि नव्यात ते अजून चढलं नव्हतं. तात्या नाव चढवायला टेबलाटेबलानं फिरले. प्रत्येक टेबल म्हणालं, येईल. पाथरवाडी ना इकडं होती ना तिकडं. नकाशात ती दोन जिल्ह्यांच्या मधल्या रेघेखाली झाकून गेली होती. विमलच्या धाकट्या पोराला वांत्या-जुलाब लागले, आणि वैनी म्हणाल्या तसं, अंगातलं पाणी जाऊन राहिलं आणि घरात घालायला पाणी न्हाई. पोरगं वाचलं. पण त्या दिवसापासून तात्या शेंगदाणे खाईनात.

म्हणून हा परदेशी अंदाज. दुष्काळाच्या दारातून पाणी येत नव्हतं, तर पर्यटनाच्या खिडकीतून येईल. आणि गंमत अशी की नळ आला असता तर लेण्यांपाशी आला असता, म्हणजे आधी बौद्धवाड्यात आणि मग खाली गावात. आजवर त्या गावात कुठलीच गोष्ट त्या क्रमानं आली नव्हती. सरपंच खालच्या गावातले, मोठे शेतकरी. तात्यांनी त्यांना हे स्पष्ट सांगितलं. ते बराच वेळ मिशी चोळत बसले आणि म्हणाले, "येऊ द्या तात्या. कुठनं आलं म्हणून पाण्याला इचारायचे दिस न्हाईत."

बैठक लेण्यातच भरली, कारण गार जागा तेवढी एकच. खालचं गाव आणि वरचा वाडा एका छताखाली बसलेला मी तिथं प्रथम पाहिला. मूर्तीसमोर तात्या, पुढ्यात कागद. सोळा आणे म्हणजे अजिंठ्याला येतात तितके परदेशी, हे माप त्यांनी समजावून दिलं. लोकांना पटलं.

"मग आपलं किती धरताय?" सरपंचांनी विचारलं.

"चार आणे धरतो."

एक म्हातारा खाकरला. "चार लई होतंय. वर बघणाराला वाटंल, बरं चाललंय ह्यांचं. तीन करा."

"तीन बी दिसतंय," दुसरा म्हणाला. "अडीच."

लोक घासाघीस करू लागले. बाजारात गिऱ्हाईक करतं तशी, जीव तोडून, खाली, आणखी खाली. तात्या प्रत्येकाकडं बघून मान डोलवत होते. त्यांच्या सगळ्या आयुष्याचं शास्त्र ते लोक त्यांनाच परत शिकवत होते. शेवटी लेण्याच्या तोंडाशी उभी असलेली विमल बोलली. बापाला ती दादा म्हणायची.

"दादा, आण्यावर आणा कामून ठिवता? एकच धरा. पर पाणी आणा."

तात्यांनी फुंकर मारली. एक आणा राहिला. मी तो टाइप केला आणि मलाही वाटलं, काय करुण कागद झालाय, वाचणारा रडल्याशिवाय राहणार नाही. चूक एकट्या तात्यांची नव्हती. आमच्या अख्ख्या पट्ट्याची होती. आम्हाला हात पसरायची एकच रीत ठाऊक होती, रिकामा हात दाखवायची.

उत्तर फार लवकर आलं. आमचे साहेब पुण्याचे, वयानं तरणे, मनानं भले. ते स्वतः आमच्या टेबलापाशी आले. म्हणाले, "तात्या, पाथरवाडीला कोणी येणारच नाही असं तुम्हीच लिहिलंत. मग नळ कुणासाठी, असं विचारलंय."

"तेच तर साहेब," तात्या म्हणाले. "कोणी येत न्हाई, इतकी वाईट दशा हाय."

साहेबांना आधी हसू आलं. मग त्यांनी तात्यांचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. हळू आवाजात म्हणाले, "तात्या, हे पीक उलटं असतं. इथं जास्त दाखवलं तर देतात."

तात्या उभे राहिले. त्यांचा गुडघा निघाला आणि टेबल कलंडलं. शाई, टाचण्या, माझा टाइपरायटर, सगळं पेंडीच्या वासाच्या त्या फरशीवर गेलं. एरवी मी ह्यावर सात मिनिटं बोललो असतो. त्या दिवशी आम्ही दोघं टाचण्या वेचत राहिलो. तात्या एवढंच म्हणाले, "पोरीनं एक धरा म्हणलं, म्या एक धरला."

सुधारित अंदाज पाठवता येईल, पण त्याला आधार हवा, असं साहेबांचं म्हणणं पडलं. निदान एक तरी परदेशी पाथरवाडीला गेलेला दाखवा, फोटोसह. फोटो ते स्वतः काढणार होते. त्यांच्याकडं कॅमेरा होता.

तात्यांनी रजा टाकली आणि अहमदपूरच्या एसटी स्टँडवर जाऊन बसले. लातूर-नांदेड जाणारी गाडी अहमदपूरला टेकल्याशिवाय पुढं जात नाही. गाडी आली की हे छत्री घेऊन उठत आणि एकेका खिडकीत डोकावत. कंडक्टरांना वाटलं म्हातारा कुणाची तरी वाट बघतोय, पोरगी-बिरगी पळून गेली असेल. एकदा एका घाऱ्या डोळ्यांच्या गोऱ्यापान माणसाला त्यांनी हात जोडून "कम, प्लीज" म्हटलं. तो उदगीरचा विमा एजंट निघाला. तो आला, बसला, आणि तात्यांचा विमा उतरवून गेला. विम्याच्या कागदावरसुद्धा तात्यांनी वय कमी सांगितलं.

आणि मग एका दुपारी खरोखरच एक आला. हैदराबादकडून औरंगाबादला निघालेला, ताडासारखा उंच, उन्हानं भाजून टमाट्यासारखा झालेला. गाडीचा टायर बसला म्हणून खाली उतरला होता. तात्यांना इंग्रजीचे दोनच शब्द येत होते, पण त्यांनी ते असे म्हटले की तो माणूस निघाला. लातूरला फोन झाला. साहेब जीप घेऊन आले, मागच्या सीटवर मी. ऊन एवढं की जीपचा भोंगा आपोआप वाजत होता.

पाथरवाडी सगळी गोळा झालेली. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली. गोरा लेण्यात गेला, खांबांवरून हात फिरवला, मूर्तीसमोर मांडी घालून बसला, डोळे मिटले. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर खरा आनंद होता. आम्ही सगळे त्या आनंदाकडं बघत होतो. पहिल्या पेरणीकडं बघतात तसं.

पायथ्याला विमलचं घर. अंगणात खाट टाकलेली. पाहुण्याला पाणी द्यायचं तर तांब्यानं काय द्यायचं, म्हणून विमलनं कळशी आणून ठेवली. सकाळपासून झऱ्यावर बसून भरलेली.

इथं मी काही वाढवत नाही. वाढवायला जागा नाही.

गोऱ्यानं कळशी उचलली. दोन घोट घेतले. मग हसला, डोळे मिटले, आणि उरलेली सगळी कळशी डोक्यावर ओतून घेतली.

पाणी त्याच्या केसांतून, दाढीतून, सदऱ्यावरून खाली आलं आणि जमिनीत गेलं. जमिनीला वेळ लागला नाही. त्याच क्षणाला साहेबांनी फोटो काढला. त्यांना वाटलं, छान आला. सरपंच डोंगराकडं बघत राहिले. कुणाची तरी शेळी आली आणि ओल्या मातीला तोंड लावून उभी राहिली. गोऱ्याला काही कळलं नव्हतं आणि त्याचा काही दोष नव्हता. तो सगळ्यांकडं बघून हसत होता.

विमल पुढं झाली. रिकामी कळशी उचलली, कडेवर घेतली आणि बापाला म्हणाली, "आनखी देऊ का, इचारा त्यायला."

तात्यांनी विचारलं नाही. त्यांना येत असलेल्या दोन शब्दांत ते बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले. गुडघा टेबलाला लावला आणि मला म्हणाले, लिहा, पाथरवाडी, सोळा आणे. मी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "सोळा म्हणजे अजिंठ्याइतके. तात्या, हे खरं वाटेल का?"

"साहेब, आजवर कमी सांगितलं तवा खरं का म्हणून कुणी इचारलं न्हाई."

साहेबांनी सही केली. फोटो जोडला. कागद गेला. तात्या रोज दारातल्या शिपायाला टपाल विचारायचे. ऊन वाढत गेलं. झऱ्यावर आता बायका रात्रीच्या पाळीनंही बसत होत्या.

उत्तर साहेबांनी उभ्यानंच वाचून दाखवलं. वरच्यांनी अंदाज मान्य केला होता. लेण्यांचं महत्त्व त्यांना पटलं होतं. हमरस्त्यावर इंग्रजी अक्षरांची निळी पाटी मंजूर झाली होती, बाणासकट. पाण्याबाबत मात्र वेगळ्या सोयीची गरज दिसत नव्हती, कारण सोबतच्या छायाचित्रावरून गावात पाणी मुबलक असल्याचं स्पष्ट होत होतं.

तात्यांनी फोटो मागितला. तळहातावर ठेवला. त्यात गोरा हसतोय, पाण्यानं चकाकतोय, आणि मागं अख्खं गाव खाली मान घालून जमिनीकडं बघतंय. तात्यांनी फोटोवर फुंकर मारली. उडालं काहीच नाही.

पाटी आली, तेव्हा बौद्धवाड्यातली निम्मी दारं बंद झाली होती. विमलच्या घरचे बिलोलीच्या पलीकडं, तेलंगणात गेले. तिकडं कालवा होता, कालव्यावर काम होतं. रिकाम्या घागरी तेवढ्या बरोबर घेतल्या. तात्यांनीच त्यांना अहमदपूरला गाडीत बसवलं. वैनी सांगायच्या, बापानं विचारलं, कधी येशील? तर पोरगी म्हणाली, "येईन की, अंदाजानं." खिडकीतून बघितलं नाही. घागरी मांडीवर घेऊन समोर बघत बसली होती.

पुढं पाऊस पडला. दुष्काळ सरला, दुसरा आला, तोही गेला. आमचा कक्ष बंद झाला, टेबल कुणीतरी जळणाला नेलं. तात्या सेवानिवृत्त झाले. त्या कार्यक्रमात त्यांना सेवा किती झाली विचारलं तर म्हणाले, "झाली थोडीबहुत." मग ते कुठं गेले ते मला कळलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मी लातूरहून नांदेडला निघालो होतो. गाडी अहमदपूरला लागली. चहाला उतरलो तर शेडखाली, खांबाला टेकून, छत्री. छत्रीच्या मागं तात्या. पार वाळलेले, तळहात तेवढा तसाच सुपाएवढा. जवळच खोली घेऊन राहतात म्हणाले. वैनी गेल्या होत्या. शेजारी शेंगदाण्याचा पुडा. खायला लागले होते म्हणजे परत.

मी जुन्या सवयीनं खोडी काढली. "काय गिरदावर साहेब, यंदा किती येतील?"

"येतील," तात्या म्हणाले. "सगळे येतील. सोळा आणे."

त्या तोंडून तो आकडा ऐकायची सवय नव्हती. मी हसायला गेलो, पण जमलं नाही. विचारलं, "परदेशी?"

"भायेर राहिलेलं मानूस म्हंजी आठ आणे परदेशीच की, टाइपराव. लेकरं तेलुगू बोलून राहिलीत आता, म्हणत्यात. पर आठ आणे हितलं हाय. त्या आठ आण्यावर येतंय."

तेवढ्यात बिलोलीची गाडी आत आली. तात्या छत्री टेकत उठले. एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत गेले, मान वर करून. माणसं उतरली, पेट्या उतरल्या, एक सायकल उतरली. कंडक्टरनं त्यांना लांबूनच हात हलवून नाही म्हटलं. तो ओळखीचा असावा. तात्या परत आले आणि जागेवर बसले, जणू पाणी प्यायला उठले होते.

मग त्यांनी मूठभर शेंगदाणे तळहातावर घेतले. चोळले. हात तोंडापाशी नेला, गाल फुगवले. मी वाऱ्याच्या बाजूनं सरकलो.

तात्या थांबले. तोंड बाजूला करून तो श्वास हळूच सोडून दिला, आणि चोळलेलं सगळं माझ्या ओंजळीत ओतलं.

"फुकू नका," म्हणाले. "तसंच खावा."

माझ्या गाडीनं भोंगा दिला. मी चढलो. लोह्यापर्यंत ते शेंगदाणे फोलपटांसकट खात होतो. एक उडू दिला नाही.